गाडीची पाळी

टेपचे एक टोक हौसरावांनी पंपाच्या खोलीच्या भिंतीला दाबून धरले होते आणि डबी हातात घेऊन त्यांचा मुलगा इंद्रजीत मागे मागे सरकत होता. अझरुद्दीनच्या राखाडी गाडीला पाठ टेकली तेव्हा तो थांबला. वाकून आकडा वाचला. पुन्हा वाचला.

"किती?"

"अकरा फूट चार इंच."

"आन् तुझी गाडी?"

"बारा आठ."

हौसरावांनी टोक सोडले. पट्टी सळसळत जाऊन डबीत शिरली.

शिरूरच्या त्या तीन मजली इमारतीत घरे तीनच होती. पहिल्या मजल्यावर इंद्रजीत, त्याची बायको समृद्धी आणि दोन वर्षांपूर्वी इनामगावाहून राहायला आलेले हौसराव. दुसऱ्यावर सीमा, खाजगी दवाखान्यातली नर्स, आणि तिची म्हातारी आई. तिसऱ्यावर अझरुद्दीन आणि तहमीना. खाली दोन गाड्या राहतील असे सांगून बिल्डरने घरे विकली होती, आणि मग त्यातल्याच एका जागेत पंपाची खोली बांधली होती. हे सगळे माहीत असूनही इंद्रजीतने गाडी बुक केली होती. महिन्याने मिळणार होती. तोवर नको म्हणायची मुभा होती, पण नको म्हणायचा प्रश्नच नव्हता. त्या भरवशावर मोटारसायकल त्याने विकूनही टाकली होती. पुढच्या महिन्यात खुटबावला मेहुण्याचा साखरपुडा होता. मागच्या कार्याला त्याचा साडू संघर्ष वाघोलीहून मोठी पांढरी गाडी घेऊन आला, तेव्हा पंगतीतून उठून माणसे ती बघायला गेली होती. इंद्रजीत तेव्हा हात धुवायच्या रांगेत उभा होता.

अझरुद्दीन दुकानाची किल्ली बोटात फिरवत जिना उतरला. बाजारात त्याचे पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचे दुकान होते. टेप बघून काय चालले आहे ते त्याच्या लक्षात आले.

"दादा, मी अजून वीतभर भिंतीकडं सरकवतो."

"वीतभरानं काय होतंय? तुमची गाडी आठवड्यातनं एकदा हलती. तेवढ्यासाठी सगळी जागा अडवून ठेवायची का?"

अझरुद्दीन किल्ली फिरवायचा थांबला. मग शांतपणे म्हणाला, "तुमची किती वेळा हलणार हाय?"

इंद्रजीतचा चेहरा ताठरला. दोघेही एकमेकांकडे न बघता आपापल्या वाटेने गेले. हौसराव मात्र त्या प्रश्नापाशीच थांबले.

इनामगावात घोडनदीच्या काठाला त्यांच्या पाच भाऊबंदांत मिळून एक विहीर होती, आणि अठ्ठावीस वर्षे त्या विहिरीची पाळी हौसरावांनी सांभाळली होती. कोणाचे किती वाफे, कोणाचे पीक किती तहानलेले, या आठवड्यात वीज दिवसाची की रात्रीची, सगळे तोंडपाठ. त्या पाच घरांत बांधावरून डोकी फुटली, वाटणीवरून बोलणे बंद झाले, पण पाण्यावरून एकही प्रकरण कोर्टाची पायरी चढले नाही. गुडघे गेले तशी जमीन पुतण्याला वाट्याने दिली आणि ते शिरूरला आले. आता सकाळचे दूध आणायचे आणि टाकी भरली की पंप बंद करायचा, एवढेच काम उरले होते. कोणी काही विचारत नसे. वाईट वागवत नसत, पण विचारत नसत.

पुढचे आठ दिवस ते खालच्या पायरीवर बसून राहिले. समृद्धीला वाटले, आबांना वर करमत नसेल. नवव्या दिवशी संध्याकाळी त्यांनी तिन्ही घरांना जिन्यात बोलावले.

"मी आठ दिस बघतोय," ते म्हणाले. "इंद्रा, तू नाक्यावरनं कंपनीच्या बसनं जातो. सूनबाई शाळेत शेअर रिक्षानं जात्यात. सीमाताईंची स्कूटी हाय. अझरचं दुकान चालत पाच मिन्टं. रोजच्याला गाडी कुणालाच लागत न्हाई. लागती ती कवातरी. आईला डोळं दाखवायचं असलं, पाव्हण्यांत कार्य असलं, तवा. आन् कवातरी लागणाऱ्या वस्तूसाठी तीन गाड्या आणायच्या, मंग त्या उभ्या कुठं करायच्या म्हणून भांडायचं?"

"मग करायचं काय, आबा?" सीमाने विचारले.

"विहीर तर रोज लागती. तरी आमच्या पाच घरांनी एकीवर भागवलं. पाळीनं."

इंद्रजीत हसला. बाकी कोणी हसले नाही. अझरुद्दीन कठड्याला टेकून उभा होता, तो सरळ झाला. त्याचे वडील मेहमूद दौंडहून टेम्पो घेऊन इनामगावला त्याच विहिरीची मोटार न्यायला यायचे, आणि तो त्यांच्या शेजारी बसून आलेला होता.

"अब्बा सांगायचे," तो म्हणाला, "त्या विहिरीची मोटार जळती, पण भांडण पेटत न्हाई." मग पुढे म्हणाला, "माझी गाडी घ्या. नुसती उभी राहून बॅटरी उतरती तिची. चालती राहिली तर टिकंल."

"आबा, माझं बुकिंग झालंय," इंद्रजीत म्हणाला.

"झालंय की. गाडी मिळायची हाय तवर बघ. न्हाई पटलं तर आण तुझी."

"आन् खुटबावला काय दुसऱ्याच्या गाडीतनं जाऊ?"

"दुसऱ्याची कशी? पाळी तुझी, तर त्या दिशी गाडी तुझी."

इंद्रजीत दाराकडे वळला. जाता जाता हळू आवाजात म्हणाला, "तिथंबी तुम्ही हेच केलं. घरापरीस पाळी मोठी."

बाकीच्यांना त्याचा अर्थ लागला नाही. हौसरावांना लागला. दुष्काळाच्या त्या साली इंद्रजीत बारावी होऊन घरी होता आणि त्याने स्वतःच्या हाताने डाळिंबाची बाग लावली होती. ऐन उन्हाळ्यात एक चुलतभाऊ पुण्याच्या दवाखान्यात अडकला, त्याची पाळी कोरडी गेली, आणि त्याचे उभे पीक माना टाकू लागले. हौसरावांनी आपल्या घरच्या दोन पाळ्या त्याला दिल्या. त्याचे पीक तगले. डाळिंबे गेली.

नियम नव्याने करावे लागले नाहीत. आठवड्याचे सात वार, घरे तीन, प्रत्येकाला दोन वार. उरलेला बुधवार अडलेल्याचा. जो नेईल त्याने टाकीत होते तेवढे पेट्रोल भरून, आतून झाडून गाडी लावायची. आणि शेवटचे, जे विहिरीवर सगळ्यांत जुने होते. पाळी देता येते, मागता येत नाही.

हौसरावांनी पंपाच्या खोलीच्या दारावर फळा टांगला आणि वर मोठ्या अक्षरांत 'पाळी' असे लिहिले. सीमा आणि तहमीना जिन्यात तोंडाला पदर-ओढणी लावून उभ्या राहिल्या. शेवटी समृद्धी खाली आली.

"आबा, नुसतं 'पाळी' नका ना लिहू फळ्यावर."

"का? मंग काय ल्ह्यायचं?"

तिने नुसते जिन्यातल्या दोघींकडे पाहिले. एक क्षण गेला आणि हौसरावांचे कान लाल झाले. त्यांनी घाईघाईने पुढे 'गाडीची' असे बारीक अक्षरांत घुसवले.

पहिल्या आठवड्यात इंद्रजीतने किल्लीला हातही लावला नाही. दुसऱ्या आठवड्यात सीमा आईला घेऊन वढू बुद्रुकला संभाजी महाराजांच्या समाधीला जाऊन आली. लायसन काढून तिला सहा वर्षे झाली होती आणि ड्रायव्हिंग स्कूलचे मैदान सोडून तिने गाडी कधी चालवली नव्हती. परत आल्यावर हायवेला कंटेनरला कसे ओलांडले ते ती प्रत्येक मजल्यावर थांबून सांगत वर गेली. एकदा तहमीनाच्या भाच्यांनी मागच्या सीटवर भेळ सांडली. एकदा अझरुद्दीन उशिरा परतला आणि सीमाच्या आईची डॉक्टरांची वेळ हुकली. दोन्ही वेळा हौसरावांनी दोन्ही घरांना फळ्यासमोर उभे करून चहा पाजला, आणि दोन्ही वेळा चहा संपायच्या आत भांडण संपले. तिसऱ्या आठवड्यात साखरपुड्याचे कपडे घ्यायला इंद्रजीत समृद्धीला घेऊन पुण्याला गेला. रात्री गॅलरीतून हौसरावांनी पाहिले, तो बादली घेऊन चाकांचा चिखल धूत होता. ते तसेच आत आले.

साखरपुड्याच्या रविवारी पाळी इंद्रजीतची होती. आदल्या संध्याकाळीच त्याने गाडी पुसून लख्ख केली होती, पुढे झेंडूची माळ बांधली होती. सकाळी पावणेसातला हौसराव धुतलेले धोतर आणि कडक टोपी घालून खाली आले, तेव्हा अझरुद्दीन फाटकाशी फोनवर बोलत होता.

"भाड्याची गाडी यायला किती येळ लागंल? तासभर? ऱ्हाऊ द्या मंग."

तहमीना शेजारी उभी होती. हातात पारदर्शक पिशवी, आत हॉल तिकीट आणि दोन पेन. शिक्षक भरतीसाठी लागणारी पात्रता परीक्षा ती तिसऱ्यांदा देत होती. केंद्र हडपसरला, नऊला फाटक बंद. मैत्रिणीच्या गाडीतून जायचे ठरले होते, पण मैत्रिणीचे मूल रात्रीतून तापाने फणफणले. सहाची एसटी निघून गेली होती आणि पुढच्या एसटीने वाघोलीच्या गर्दीतून वेळेत पोचणे शक्य नव्हते. सीमा रात्रपाळीला, तिच्याबरोबर स्कूटीही दवाखान्यात.

अझरुद्दीनची पाठ त्याच्या स्वतःच्या गाडीकडे होती. दुसरी किल्ली वर त्याच्या घरात खिळ्याला टांगलेली होती. तो वर गेला नाही. गाडीकडे वळून त्याने पाहिलेसुद्धा नाही.

हौसरावांच्या ओठापर्यंत शब्द आला होता. पण दुसऱ्याची पाळी त्यांनी अठ्ठावीस वर्षांत कधी कोणाला देऊन टाकली नव्हती. दिली ती स्वतःची. ही त्यांची नव्हती. ते गुडघ्यांवर हात ठेवून पायरीवर बसले.

इंद्रजीत खाली आला. अंगात निळे नवे जाकीट. मागे काठपदराच्या निऱ्या सावरत समृद्धी.

"काय झालं?"

"काय न्हाई, दादा. तुम्ही निघा, मुहूर्त गाठायचाय," अझरुद्दीन म्हणाला.

समृद्धीने तहमीनाच्या हातातली पिशवी पाहिली. "अगं, तू अजून इथंच? गेली नाहीस?"

तहमीनाने दोन वाक्यांत सांगितले. आवाज सरळ ठेवायचा तिने प्रयत्न केला. दुसऱ्या वाक्याला ते जमले नाही.

इंद्रजीतने बापाकडे पाहिले. हौसराव पंपाच्या खोलीच्या कडीकडे बघत होते. रस्त्यावरून पाववाला भोंगा वाजवत गेला. इंद्रजीतने जाकिटाच्या खिशात हात घातला, किल्ली काढली आणि अझरुद्दीनच्या हातात दिली.

"निघा."

"आन् तुम्ही?"

"येष्टी हाय की. आमचा मुहूर्त साडेबाराला हाय, तुमचं फाटक नऊला बंद होतंय." अझरुद्दीन अजून हलत नाही हे पाहून त्याने स्वतःच दार उघडले. "भाभी, बसा. पेपर झाला की हायवेनं सरळ यवतकडं या. खुटबाव वाटंवरच हाय. जेवायलाच या."

तहमीना माळ सोडायला पुढे वाकली. समृद्धीने तिचा हात धरला.

"राहू दे. शकुनाची आहे."

न्हावऱ्यावरून चौफुल्याला जाणाऱ्या एसटीत बापलेकांना शेजारी जागा मिळाली. समृद्धी पुढच्या सीटवर, खिडकीशी. पारगावचा भीमेचा पूल आला.

"डाळिंबाच्या साली," इंद्रजीत म्हणाला, "मी तुमच्याशी सहा महिने बोललो नव्हतो."

"साडेसहा."

इंद्रजीतने मान वळवली. हौसराव नदीकडे बघत होते.

"तुम्हाला काहीच वाटलं न्हाई, असं वाटायचं मला."

"वाटलं की. बागंकडनं जायची वाट सोडली मी."

"किती दिस?"

"अजून तिकडनं जात न्हाई."

पूल संपला. दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. खिडकीतून ऊन बापाच्या डोळ्यांवर येऊ लागले तेव्हा इंद्रजीतने उठून जागा बदलून घेतली.

चौफुल्यापासून पुढे शेअर रिक्षा. खुटबावात मांडवासमोर रस्त्याच्या कडेने गाड्यांची रांग लागली होती, आणि रांगेत सगळ्यांत पुढे संघर्षची पांढरी गाडी होती. रिक्षातून तिघे उतरले तेव्हा इंद्रजीतच्या निळ्या जाकिटावर धुळीचा थर होता. संघर्ष हसत पुढे आला.

"काय इंद्रजीतराव, रिक्षानं? नवी गाडी कवा येतीय?"

"न्हाई येत," इंद्रजीत म्हणाला.

ते इतके सहज निघून गेले की त्याचे त्यालाच नवल वाटले. समृद्धीने चमकून पाहिले.

"मग आता रिक्षानंच फिरणार?" संघर्षने विचारले.

"गाडी हाय. आज पाळी आमचीच होती. शेजारणीची परीक्षा निघाली, म्हणून दिली."

मांडवाच्या तोंडाशी पाच-सहा पिकली माणसे खुर्च्या टाकून बसली होती. त्यांत समृद्धीचे वडील मारुतराव होते. एका शब्दाने त्या सगळ्या टोप्या इकडे वळल्या.

"पाळी?" मारुतराव उठून आले. "कशाची पाळी, जावईबापू?"

"गाडीची."

"किती घरं?"

"तीन."

मारुतरावांनी डोळे बारीक केले. "तीन घरं, सात वार. मंग सातव्या वाराचं काय केलं?"

"अडलेल्याला."

म्हातारा खळखळून हसला. त्याने इंद्रजीतच्या दंडाला धरून त्याला खुर्च्यांपाशी आणले आणि आपल्या शेजारी बसवले. "आरं, ऐका रं, हे ऐका! शिरूरला गाडीला पाळी लावली ह्यांनी!" मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. तेलाचं कसं? बिघडली तर? एकाच्या पाळीला दुसऱ्याचं आजारपण निघालं तर? प्रश्न सगळे विहिरीवर जन्म घालवलेल्या माणसांचे होते, आणि इंद्रजीत एकेकाला उत्तर देत होता, हातवारे करून, भेळेची आणि कंटेनरची गोष्ट सांगून. लांबची माणसे खुर्च्या ओढून जवळ आली. मागे हौसराव पाण्याचा ग्लास धरून उभे होते. ग्लास ओठाला लावायचे त्यांना भान नव्हते. पाळी देता येती, मागता येत न्हाई, हे आपला मुलगा भर मांडवात ठासून सांगतो आहे, हे ते ऐकत होते. कोणीतरी त्यांच्यासाठीही खुर्ची आणली.

साखरपुडा झाला. दुसरी पंगत उठत होती तेव्हा झेंडूची माळ मिरवत राखाडी गाडी मांडवासमोर येऊन थांबली. उतरायच्या आधीच काचेतून तहमीनाने समृद्धीला सांगून टाकले, "सगळं आलं गं मला! सगळं!" बायकांनी तिला तशीच धरून पंगतीत नेऊन बसवले आणि पानात पहिल्यांदा जिलेबी वाढली. अझरुद्दीनने चार माणसांच्या देखत किल्ली इंद्रजीतपुढे धरली.

"घ्या, दादा. सांजंपातूर पाळी तुमची हाय."

निघताना गाडीभोवती गर्दी झाली. मारुतरावांनी बॉनेटवर थाप मारून पाहिली, जशी बैलाच्या पाठीवर मारतात. नवरीकडच्या दोघा जणांनी हौसरावांचा फोन नंबर लिहून घेतला. समृद्धी, तहमीना आणि अझरुद्दीन मागे बसले. हौसराव पुढच्या दाराशी गेले, तेवढ्यात संघर्ष आला. आजूबाजूला बघून त्याने आवाज खाली आणला.

"आबा, येत्या रविवारी वाघोलीला याल का? आमच्या सोसायटीत गाड्या चाळीस हायत, आन् जागा बावीस. दर आठवड्याला हमरीतुमरी. परवा तर पोलिसांची गाडी आली, तर तिलाच उभं राहायला जागा न्हाई."

हौसरावांनी दारावरचा हात काढला. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी टोपी काढून पुन्हा नीट बसवली, जशी पूर्वी विहिरीवर निघताना बसवत.

"पहिलं भांडण कुणी काढलं?"

"का?"

"पहिली पाळी त्याला लावायची. आधी पाणी मिळालं की मानूस निवतो. आन् मंग दुसऱ्यांच्या पाळीची राखण तोच करतो."

पलीकडच्या दाराशी किल्ली घेऊन उभा असलेला इंद्रजीत गाडीच्या टपावरून बापाकडे बघत राहिला. मग खाली बघून हसला.

संघर्षने रांगेतल्या आपल्या पांढऱ्या गाडीकडे पाहिले, मानेवरून हात फिरवला.

"आबा, पहिलं मीच भांडलो होतो."

"मंग सोपं हाय," हौसराव म्हणाले, आणि गाडीत बसले.